पवनीचे दोन स्तंभ

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या सर्वेक्षणाचा तालुकावार आलेख काढायला घेतला की हे हमखास घडतं. तालुके सात: तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर. आलेखात मात्र आठ स्तंभ उभे राहतात, कारण पवनी रोमन लिपीत कुणी 'यू' घालून लिहिलेली असते, कुणी 'ओ' घालून. देवनागरीतही सुटका नाही. 'लाखांदूर' आणि 'लाखांदुर' संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावं. 'पवनी'पुढे चुकून एक मोकळी जागा पडली, तर ती आणखी निराळी पवनी, आणि हा फरक पडद्यावर डोळ्याला दिसतही नाही.

संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या 'आर' या भाषेत अशा वर्गवारीच्या रकान्याला फॅक्टर म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक वर्गाला लेव्हल. हे शब्द आले शेतीच्या प्रयोगांतून. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि शेतावरच्या चाचण्यांची शास्त्रशुद्ध आखणी त्यांनी तिथे बसवली. खत हा फॅक्टर, त्याची मात्रा ही लेव्हल. मात्रा किती आणि कोणत्या, हे पेरणीआधीच ठरलेलं असे. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. प्रयोगात लेव्हल संशोधक ठरवतो. सर्वेक्षणात ती फॉर्म भरणाऱ्याच्या हातून उतरते. साचा प्रयोगाचा होता, आपण त्यात खानेसुमारी ओतली.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' ही भाषा घडवायला घेतली. चेंबर्स आणि ट्रेव्हर हेस्टी यांच्या १९९२ च्या ग्रंथाने तिच्यात फॅक्टरला पक्की जागा दिली. तोवर न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन त्याच वळणाची 'आर' रचू लागले होते. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला निघाली आणि फॅक्टर तिच्याकडे वारशाने आला.

आत तो नावं साठवत नाही, आकडे साठवतो. आपण वेगळं काही सांगितलं नाही तर रोमन वर्णानुक्रमे भंडाऱ्याला १, लाखांदूरला २, लाखनीला ३. आता दुसऱ्या एका पाहणीत लाखांदूर तालुका घेतलेलाच नाही असं धरा. तिथे लाखनीला २ मिळेल. दोन्ही रकाने 'सी' या साध्या आज्ञेने जोडले, की नावं गळून नुसते आकडे उरायचे आणि लाखनीची माणसं लाखांदुरात जाऊन बसायची. तक्रारीचा एक शब्द पडद्यावर येत नसे. २०२१ मधल्या ४.१.० या आवृत्तीपासून ही आज्ञा लेव्हल जुळवून फॅक्टर जोडते. त्याच्या आदल्या वर्षी, ४.० मध्ये, मजकुराचा प्रत्येक रकाना न विचारता फॅक्टर करून टाकण्याची जुनी सवयही बंद झाली होती. दोन्ही सुधारणा फार उशिरा झाल्या.

पण स्पेलिंगचा घोळ निदान आलेखात दिसतो. अक्षर न् अक्षर जुळतं तिथे जास्त जपायला हवं. १९९१ च्या जनगणनेत 'भंडारा' जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख. २००१ मध्ये त्याच नावापुढे ११ लाख ३६ हजार. दोन्ही तक्ते नावावरून जोडले तर रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली येते. पूर आला नव्हता, कुणी गाव सोडून गेलं नव्हतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, एवढंच. आणखी मागे जा: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात तहसिली तीनच होत्या, भंडारा, तिरोडा आणि साकोली. तिरोडा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. तेव्हाची साकोली तहसील म्हणजे जिल्ह्याचा मोठा भाग. आजचा साकोली तालुका त्यातला एक तुकडा, लाखनीही त्यातून वेगळी झालेली. नाव टिकलं, हद्द बदलली, आणि हद्दीबद्दल फॅक्टर काहीच जाणत नाही.

म्हणून आलेखाला हात लावण्याआधी एक तक्ता हाताने बनवावा: डावीकडे फॉर्मवर आलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे मान्य नाव, शेजारी जनगणनेचा संकेतांक. २०११ च्या यादीत भंडारा ५०६ आणि गोंदिया ५०७ आहे. १९९१ शी तुलना करायची तर या दोन्हींची बेरीज करून तिला स्वतंत्र नाव द्यावं, 'अविभक्त भंडारा'. लेव्हलची यादीही आपणच लिहून द्यावी, सातही तालुके, उत्तरेच्या तुमसरपासून दक्षिणेच्या लाखांदूरपर्यंत. एखाद्या तालुक्यातून एकही फॉर्म आला नसेल तरी त्याचं नाव यादीतून काढू नये आणि आलेखातही त्याची जागा मोकळी ठेवावी, म्हणजे तिथे कुणी गेलंच नाही हे वाचणाऱ्याला कळेल.