भगव्या कफनीची ख्रिस्ती कुळकथा

चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या आयटी पार्कात आपली बरीच मराठी मुलं नोकरीला आहेत. पगार, घराचा हप्ता, पुढची बढती, या चक्रातून त्यांना सवड कमीच मिळते. मिळेल त्या रविवारी त्यांनी उत्तरेला मैलापूर गाठावं. रोमच्या एका खानदानी घरात 1577 साली जन्मलेला रॉबर्ट डी नोबिली 1656 साली तिथे वारला. दृष्टी जवळजवळ गेली होती आणि मालकीचं म्हणावं असं जवळ काही नव्हतं. भारतात ख्रिस्ती माणसाच्या अंगावर भगवी वस्त्रं चढली, त्या कथेचा आरंभ त्याच्यापाशी आहे.

1606 साली हा जेझुइट धर्मप्रसारक मदुराईला पोचला, तेव्हा तिथले लोक पोर्तुगीजांना ‘परंगी’ म्हणत आणि त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. परंग्यांचा देव म्हणून येशूकडेही कोणी वळेना. नोबिलीने काळा झगा आणि चामडी जोडे टाकले, भगवी वस्त्रं घेतली, एकवेळचं शाकाहारी जेवण धरलं, तमिळ आणि संस्कृत शिकला. चर्चमध्ये गदारोळ उठला. 1619 साली गोव्यात त्याच्या पद्धतीवर खल झाला आणि 1623 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. त्याच काळात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचून गेले होते. एकाने इथला वेष घेतला, दुसऱ्याने इथली ओवी.

तरी नोबिलीचा भगवा मुख्यतः लोकांच्या दारात उभं राहता यावं म्हणून होता. वस्तू आणि पैसा यांच्याशी असलेलं नातंच तपासायला लावणारा ख्रिस्ती संन्यास मराठी मुलखात घडला, आणि तो घडवला कवी नारायण वामन टिळकांनी.

टिळक 1861 साली कोकणात करजगावी जन्मले, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. तिथे त्यांना एक गोष्ट सलत गेली. परदेशी मिशनरी बंगल्यात राहतो, त्याच्या हाताखाली देशी उपदेशक पगारावर काम करतो, आणि गावकरी त्याच्या तोंडचं शुभवर्तमान पगारी माणसाचं बोलणं म्हणून ऐकतात. येशूने तर शिष्यांना पाठवताना थैली घेऊ नका, दुसरा अंगरखाही घेऊ नका, असं बजावलं होतं. श्रीमंत तरुणाला त्याने सगळं विकून गोरगरिबांना द्यायला सांगितलं, तेव्हा तो खिन्न होऊन निघून गेला. टिळकांना ही वचनं अक्षरशः लागू वाटली, आणि त्यांच्या बाजूला आपली संतपरंपरा उभी होतीच. तुकोबांचा हात धरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत.

1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. वय पंचावन्न. म्हातारपणाची कसलीही तरतूद नसताना बांधलेलं उत्पन्न सोडायला जे धैर्य लागतं, ते मला त्यांच्या कवितेइतकंच मोठं वाटतं. घरदार मात्र त्यांनी टाकलं नाही. पत्नी लक्ष्मीबाई सोबत होत्या. या विरक्तीची झळ त्यांना आधीपासूनच लागत आली होती, कारण नवऱ्याचा हात सदा सैल. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे विसरू नये की टिळकांच्या त्यागाची निम्मी किंमत बाईंनी मोजली आहे.

साताऱ्यात टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताची भक्ती. दरबार जेमतेम दोन वर्षं चालला असेल-नसेल तोच 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले.

पुढे 1921 साली तमिळ मुलखात तिरुपत्तूरला ‘ख्रिस्तुकुल आश्रम’ निघाला. 1922 साली इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापला आणि दुसऱ्याच वर्षी टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. 1950 साली कावेरीकाठी ‘शांतिवनम्’ हा आश्रम उभा राहिला. ख्रिस्ती आश्रमांचा इतिहास सांगताना बहुतेकजण तिरुपत्तूरपासून सुरुवात करतात. माझ्या मते त्याआधी साताऱ्याचं नाव यायला हवं.