साबणाच्या कारखान्यातला जॉनी

गेल्या वर्षी दिवाळीची सुटी लागायला दोन दिवस होते. सहामाहीचे पेपर संपले होते, आणि शिक्षकाने वर्गावर जावे तरी पंचाईत, न जावे तरी पंचाईत, असे ते दिवस. सातवीच्या वर्गावर मी चित्रकलेच्या तासाला जरा उशिराच निघालो. दारापाशी पोचलो, तो आतून माझाच आवाज! मी वर्गाबाहेर आणि मीच वर्गात! आतला तो 'मी' प्रत्येक वाक्याआधी एकदा खाकरत होता, चष्मा कपाळावर चढवत होता आणि "कागदाला कडा सोडा, कडा सोडा" असे बजावत होता. पोरे बाकांवर आडवी होऊन हसत होती. आपण खाकरतो हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

मी काय केले, ते सांगायला हवे. मी त्या मुलाला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे केले.

शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत सांगितली, तेव्हा एक सहकारी म्हणाले, "मोठा जॉनी लिव्हर लागून गेलाय!" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर ते नाव डोक्यातून जाईना. कोणी कोणाची नक्कल केली की आपण हे नाव घेतो, इतके ते आपल्या बोलण्यात मुरले आहे. त्या नावाच्या माणसाचा इतिहास मात्र फारसा कोणी पाहत नाही. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा माणसांचे पूर्वायुष्य धुंडाळण्याची खोड आहेच. धुंडाळू लागलो आणि पहिल्याच पानावर ठेच लागली. या माणसाची शाळा सातवीतच सुटली होती.

१४ ऑगस्ट १९५७ रोजी आंध्रातल्या कनिगिरी गावी एका तेलुगू ख्रिस्ती कुटुंबात त्याचा जन्म झाला. (त्याचा उल्लेख मी एकेरीत करतो आहे. आपल्याकडे देवाला आणि हसवणाऱ्याला अहो-जाहो म्हणत नाहीत.) जॉन प्रकाश राव जनुमाला हे त्याचे पाळण्यातले नाव. वडील मुंबईत हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या कारखान्यात ऑपरेटर होते, आणि मुलगा वाढला तो किंग्ज सर्कल-धारावीच्या वस्तीत. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, नाक्यावर मराठी, शेजारी आणखी कुठली तरी बोली. ज्याच्या कानाला सवय लागायची, त्याला ही वस्ती म्हणजे फुकटचे विद्यालयच. खरे विद्यालय म्हणजे आंध्र एज्युकेशन सोसायटीची शाळा. घरची ओढाताण असह्य झाली, तेव्हा थोरल्या मुलाने ती सोडली आणि तो रस्त्यावर पेने विकू लागला. सिनेनटांच्या आवाजात बोलायचे, त्यांच्यासारखे नाचायचे आणि जमलेल्या गर्दीपुढे पेन धरायचे.

मी शिक्षक आहे. माझी स्वतःची गाडी मॅट्रिकच्या पुढे गेली नाही, तरी शिक्षक आहे. शाळेत ज्या पोराच्या हातातून पेन सुटले, त्याने तेच पेन रस्त्यावर विकायला घ्यावे, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

पुढे तो वडिलांच्याच कारखान्यात मजूर म्हणून लागला. शंभर शंभर किलोची रसायनांची पिंपे हलवण्याचे काम. इथे वाचकांना थोडे मागे नेतो, कारण त्याच्या नावाचा उगम याच कारखान्यात आहे. इंग्लंडात बोल्टन गावी १८५१ साली विल्यम लिव्हर नावाचा एक मुलगा जन्मला. किराणा दुकानदाराचा हा मुलगा पुढे साबणाचा कारखानदार झाला. त्याचा 'सनलाइट' साबण १८८८ साली आगबोटीने हिंदुस्थानात येऊ लागला. १९३४ साली कंपनीने मुंबईत शिवडीला साबण करायला घेतला, १९३७ साली 'डालडा' आला आणि आपल्या आज्या-पणज्यांची दिवाळीची करंजी साजूक तुपातून वनस्पतीत उतरली! १९५६ साली तीन कंपन्या एकत्र होऊन हिंदुस्थान लिव्हर उभी राहिली. म्हणजे कंपनीचे बारसे झाल्यावर वर्षभरात जॉन जन्मला.

कारखान्यात पिंपे हलवताना तो माणसेही न्याहाळत होता. एका समारंभात त्याने कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या नकला केल्या. कोणता साहेब कसा चालतो, कोणता कसा बोलतो, सारे हुबेहूब. या प्रसंगाकडे मी केवळ गंमत म्हणून पाहू शकत नाही. ज्याच्या सहीवर आपला पगार निघतो त्याची नक्कल त्याच्याच पुढ्यात, आणि तीही शेकडो कामगारांसमोर करायची, याला छाती लागते. आपल्या तमाशातला सोंगाड्या पाटलाची, सावकाराची आणि प्रसंगी राजाचीही टोपी उडवत आला. त्याला ती मुभा परंपरेने दिलेली होती. शिमग्याला जसे बोलणे माफ, तसेच बोर्डावर. कारखान्याच्या समारंभात त्या दिवशी बोर्ड उभा राहिला आणि पहिल्या रांगेतल्या साहेबाला हसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कामगारांनी त्याला तिथल्या तिथे नाव बहाल केले : जॉनी लिव्हर. बोल्टनच्या साबणवाल्याचे आडनाव धारावीच्या तेलुगू मजुराला चिकटले ते असे.

हिंदी सिनेमात यापूर्वी एक जॉनी होऊन गेलाच होता. इंदूरकडचा बद्रुद्दीन काझी मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होता आणि तिकिटे फाडता फाडता उतारूंना हसवत असे. बलराज साहनींनी त्याला हेरले, गुरुदत्तांसमोर त्याने दारुड्याची बतावणी केली, आणि १९५१च्या 'बाजी'पासून तो जॉनी वॉकर झाला. पहिला जॉनी व्हिस्कीच्या नावाचा, दुसरा साबणाच्या! दोघेही मुंबईच्या कष्टकऱ्यांतून वर आले.

सत्तरीच्या दशकात मुंबईत ऑर्केस्ट्रांचा सुकाळ होता. गणेशोत्सव असो, कंपनीचे स्नेहसंमेलन असो, गाण्यांचा कार्यक्रम हवाच. त्यात नकलाकाराचे स्थान कोणते? गायक घसा ओला करतो, वादक तारा जुळवतो, तेवढी दहा मिनिटे भरून काढणारा माणूस. जाहिरातीत त्याचे नाव असलेच तर तळाला. जॉनीने प्रताप जानी आणि रामकुमार या जाणत्या नकलाकारांच्या हाताखाली ही कला घासूनपुसून घेतली, आणि पुढे कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून तो झळकू लागला. कारखान्यात खाडे वाढले. अखेर १९८१ साली त्याने कंपनीची नोकरी सोडली.

त्या काळच्या मुंबईत कंपनीची कायम नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावणे कठीण. लग्न जमायचे ते त्या 'कायम' या शब्दावर. पण काळाची खोडी पाहा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले. त्यांतल्या बहुतेकांना तो भोंगा पुन्हा कामावर घेऊन गेला नाही. 'कायम' नोकरीवाले असे उघड्यावर पडले. आणि ज्याने आपणहून नोकरीवर पाणी सोडले, तो त्याच वर्षी कल्याणजी-आनंदजी आणि अमिताभ बच्चन यांच्याबरोबर परदेश दौऱ्यावर होता. यात शहाणपण किती आणि नशीब किती, मला सांगता येणार नाही.

१९८२ सालीच सुनील दत्तांनी 'दर्द का रिश्ता'मध्ये त्याला भूमिका दिली. पण घराघरांत तो आधी पोचला आवाजाने. 'हंसी के हंगामे' ही त्याची कॅसेट निघाली होती. आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात आरतीनंतर त्याचे विनोद लागायचे आणि निरंजनाची वात विझेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. कछुआ छाप अगरबत्तीच्या जाहिरातीतही तो दिसला. मग १९८६ साली 'होप ८६' नावाचा मदतीचा मोठा कार्यक्रम झाला. समोर अवघी हिंदी चित्रसृष्टी, आणि जॉनीची नेमणूक पुन्हा तीच, मधली वेळ भरून काढण्याची. पण मधल्या वेळेनेच तो दिवस जिंकला. निर्माते गुल आनंद यांनी त्याला नसीरुद्दीन शाह यांच्याबरोबर 'जलवा'त घेतले, आणि १९८७ साली तो पडद्यावर आला.

पडद्यावरच्या कारकिर्दीची जंत्री देत नाही. तीनशेहून अधिक चित्रपट आहेत. १९९३च्या 'बाजीगर'मधला विसराळू नोकर बाबूलाल आठवा. खुनांनी भरलेल्या त्या चित्रपटात दिग्दर्शक अब्बास-मस्तान यांनी त्याला मोकळीक दिली आणि त्याने पुष्कळसे संवाद ऐनवेळी रचले. 'दीवाना मस्ताना' आणि 'दूल्हे राजा' या चित्रपटांसाठी त्याला फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. माझे मत विचाराल, तर सिनेमाने त्याला दिले भरपूर आणि वापरले कमी. कथा एकीकडे, जॉनीचे प्रसंग दुसरीकडे. लेखकाला सुचेनासे झाले की जॉनीला बोलवा! मग तोंड वेडेवाकडे करणे आले, किंचाळणे आले. ते पाहताना मला अवघडल्यासारखे होई. रंगमंचावरचा जॉनी वेगळाच. तिथे त्याला ना सामान लागते, ना सोबती. एकटा उभा राहून तो लग्नाची अख्खी वरात नाचवतो. आणि त्या वरातीत आपला एखादा काका निघतोच.

२००७ साली कंपनीने आपले नाव बदलले. हिंदुस्थान लिव्हरची हिंदुस्थान युनिलिव्हर झाली. जुने नाव पाटीवरून उतरले. ते राहिले एका जुन्या मजुराच्या अंगावर, त्याचा धाकटा भाऊ जिमी मोझेस नकलाकार असूनही त्या नावाशिवायच राहिला, पण मुलगी जेमी लिव्हर मात्र ते लावून रंगमंचावर एकटी उभी राहते आणि माणसांना हसवते.

सुटी संपली, शाळा भरली. तो मुलगा आला होता, शेवटच्या बाकावर, खाली मान घालून. मी तास घेतला, कागदाला कडा सोडायला सांगितल्या. तास संपताना त्याला जवळ बोलावले आणि म्हटले, "ती त्या दिवशीची नक्कल जरा करून दाखव. रागावणार नाही."

तो उभा राहिला. माझ्याकडे नीट पाहिले, वरपासून खालपर्यंत, आणि मान हलवली.

"का रे?"

"सर," तो म्हणाला, "आता तुम्ही खाकरतच नाही."