नाव, ग्राम आणि नागरिकत्व : अथेन्सच्या शासनव्यवस्थेची एक बाजू

ग्रीक नगरराज्यांच्या शासनपद्धतीचे विवेचन करताना लोकसभा, मंडळ, न्यायालये आणि अधिकारपदे यांच्या रचनेवर सामान्यतः भर दिला जातो. हा भर अयोग्य नव्हे. परंतु त्यामुळे एक अधिक प्राथमिक प्रश्न मागे पडतो. लोकसभेत बसण्याचा अधिकार नागरिकाला होता हे खरे. पण अमुक मनुष्य नागरिक आहे हे ठरत कसे होते? स्पार्टाचे उत्तर सरळ होते. सहभोजनासाठी ठरलेला शिधा जो देऊ शकेल तो पूर्ण नागरिक. दारिद्र्यामुळे ज्याला तो देता येणार नाही त्याचा अधिकार गेला. अथेन्सचे उत्तर याहून निराळे होते. तेथे नागरिकत्व म्हणजे व्यवहारतः एका ग्रामाच्या यादीत असलेले नाव होय. म्हणून हे नाव कसे घेतले जाई, कोण लिहून घेई आणि कोण पुसून टाकू शके, हा केवळ नामशास्त्राचा विषय राहत नाही.

इ. स. पू. ५१० मध्ये हिपिअसची एकतंत्री सत्ता संपुष्टात आली. त्यानंतर लवकरच अथेन्समध्ये नागरिकांची छाननी झाली आणि ज्यांचे कूळ शुद्ध नाही असे ठरले त्यांचे अधिकार काढून घेण्यात आले. पायसिस्ट्राटस आणि त्याचे पुत्र यांच्या कारकीर्दीत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कारागिरांवर व भाडोत्री सैनिकांवर ही आपत्ती ओढवली असणार. अशा भयग्रस्त वातावरणात आयसॅगोरस आणि क्लीस्थेनीझ या दोन कुलीन पुढाऱ्यांचा संघर्ष झाला. आयसॅगोरसने स्पार्टाचा राजा क्लीओमिनीझ यास पाचारण केले. सातशे कुटुंबे हद्दपार करण्यात आली. परंतु जनतेने आक्रोपोलिसला वेढा दिला आणि तिसऱ्या दिवशी स्पार्टाच्या राजाला माघार घ्यावी लागली. परत आलेल्या क्लीस्थेनीझच्या नावावर इ. स. पू. ५०८–५०७ च्या सुधारणा आहेत.

या सुधारणांचा सांगाडा सर्वपरिचित आहे. जुन्या चार आयोनियन गणांच्या जागी दहा नवे गण आले. अ‍ॅटिकाचे नगर, किनारा आणि अंतर्भाग असे तीन विभाग पाडून प्रत्येकाचे दहा गट केले आणि प्रत्येक गणात तिन्ही विभागांतील एकेक गट घातला. या गटांच्या तळाशी ग्राम होते. त्यांची संख्या अभ्यासकांनी १३९ अशी निश्चित केली आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला ‘अथेन्सचे संविधान’ हा ग्रंथ इजिप्तमधील पपायरसावर सापडून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात याच संदर्भात एक मार्मिक विधान आहे. क्लीस्थेनीझने एका ग्रामात राहणाऱ्यांना परस्परांचे ग्रामबंधू केले, ते अशासाठी की, लोकांनी पित्याच्या नावाने हाक मारून नव्या नागरिकांचे नवेपण उघडे पाडू नये, तर ग्रामाच्या नावाने त्यांचा उल्लेख करावा. ग्रंथकार दोन शतकांनंतर लिहीत असल्याने हा हेतू त्याने मागाहून बसविला असावा, असा आक्षेप घेता येतो. परंतु हेतू बाजूस ठेवला तरी परिणाम नाकारता येत नाही. ज्याचा बाप थ्रेसियन किंवा फ्रिजियन होता त्याचे परकेपण पितृनामातून तत्काळ कळले असते. ग्रामनामातून ते कळण्याचा संभव नव्हता.

ग्रामाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे तोच ‘देमोस’ हा शब्द संपूर्ण प्रजेलाही आहे. त्याचा मूळ धातू ‘विभागणे’ या अर्थाचा. म्हणजे देमोस हा प्रथम भूमीचा वाटा आणि मग त्यावर राहणारे लोक. १९५२ मध्ये व्हेंट्रिसने ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा केल्यावर पायलॉस येथील मृत्पट्टिकांत हाच शब्द ‘दामो’ या रूपात आढळला, आणि तेथेही तो जमीन धारण करणाऱ्या स्थानिक समूहाचा वाचक आहे. मंडळाने आणि देमोसने असा निर्णय घेतला, हे अथेन्सच्या ठरावांचे ठरीव शब्द वाचताना या जुन्या अर्थाची आठवण ठेवणे इष्ट आहे. ज्याला लहान देमोसात स्थान नाही त्याला मोठ्या देमोसात स्थान नव्हते.

शब्दांचा इतिहास येथे आणखी एका बाबतीत उद्‌बोधक ठरतो. अनेक ग्रामांची नावे स्थळावरून किंवा वनस्पतीवरून पडली होती. मॅरेथॉन म्हणजे बडीशेपेचे गाव. पण कित्येक नावांच्या शेवटी ‘-इदाय’ अथवा ‘-आदाय’ हा वंशवाचक प्रत्यय आहे. ‘बूटाडाय’ म्हणजे बूटीझचे वंशज. क्लीस्थेनीझने हे नाव एका ग्रामाला दिले, तेव्हा तेथे राहणारा प्रत्येक नागरिक, कुंभार असो की कोळी, नावाने बूटीझचा वंशज झाला! त्या जुन्या पुरोहित कुळाने पुढे स्वतःला ‘एटिओबूटाडाय’, म्हणजे ‘खरे बूटाडाय’, म्हणवून घेण्यास प्रारंभ केला. कुलाभिमान दुखावला गेल्याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही. क्लीस्थेनीझने जुने बंधुसंघ मात्र मोडले नाहीत. त्यांच्या सदस्याला ‘फ्रातेर’ म्हणत. हा शब्द संस्कृत ‘भ्रातृ’ शब्दाचा सख्खा बांधव. पण ग्रीकमध्ये त्याचा सहोदर हा अर्थ लुप्त झाला, सख्ख्या भावासाठी ‘आदेल्फोस’ हा निराळा शब्द रूढ झाला आणि ‘फ्रातेर’ केवळ संस्थावाचक उरला. रक्ताचे नाते दर्शविणारे शब्द राज्यसंस्थेच्या कामी लावण्याची ही प्रवृत्ती क्लीस्थेनीझपूर्वीच भाषेत रुजली होती.

कायद्याने बोलण्याची सवय एकदम बदलत नाही. बहिष्कारमतदानाची पद्धत प्रथम इ. स. पू. ४८७ मध्ये अमलात आली. त्यासाठी वापरलेल्या खापऱ्या आज दहा हजारांहून अधिक उपलब्ध आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठा साठा केरामेकस भागात १९६० नंतरच्या दशकात सापडला. मतदाराने स्वतः कोरलेली किंवा शेजाऱ्याकडून कोरवून घेतलेली ही नावे व्यवहारातील प्रघात दाखवितात. थीमिस्टोक्लीझ कोठे नीओक्लीझचा पुत्र आहे, कोठे फ्रेआरिऑइ ग्रामाचा आहे. थ्यूसिडिडीझ आपल्या इतिहासात पेरिक्लीझला झँथिपसचा पुत्र म्हणूनच आणतो. त्याचे ग्राम सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. मोठ्या घराण्यांना पितृनाम सोडवत नव्हते. स्वतःचे नाव, पित्याचे नाव आणि ग्रामाचे नाव अशी तिपेडी पद्धत पुढे चौथ्या शतकात स्थिरावली. क्लीस्थेनीझने पितृनाम हटविले असे म्हणण्यापेक्षा, त्याला पुरावा म्हणून पुरेसे राहू दिले नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

हा भेद किती मूलगामी होता ते एरेक्थिअम मंदिराच्या बांधकामाच्या हिशेबांवरून दिसते. पाचव्या शतकाच्या अखेरचे हे हिशेब शिलेवर कोरलेले आहेत. त्यांतील ज्या ८६ कामगारांचा दर्जा ओळखता येतो, त्यांत २४ नागरिक, ४२ परदेशी रहिवासी म्हणजे मेटिक आणि २० गुलाम आहेत. एकाच स्तंभावर खोबणी कोरताना तिघेही शेजारी शेजारी बसत आणि रोजी साधारणपणे प्रत्येकाची एक द्राख्मा होती. गुलामाची अर्थातच मालकाच्या हाती पडत असली पाहिजे. कामात भेद नाही, मोलात नाही. भेद आहे तो नाव लिहिण्यात. नागरिकापुढे ग्रामनाम विशेषण म्हणून येते. मेटिकापुढे अमुक ग्रामात ‘राहणारा’ असे येते. तो त्या ग्रामात राहतो, पण त्या ग्रामाचा नाही. गुलामापुढे मालकाचे नाव षष्ठी विभक्तीत येते. आता, ग्रीकमध्ये पित्याचे नावही षष्ठीतच लिहितात. ‘सिमिअसचा’ एवढ्याच शब्दाने मनुष्य सिमिअसचा पुत्र आहे की सिमिअसची मालमत्ता आहे, याचा उलगडा व्याकरणाने होत नाही. तो ग्रामनामाने होतो.

ग्रामाची यादी ही राज्ययंत्राची किल्ली होती. पाचशे जणांच्या मंडळात प्रत्येक गणाचे पन्नास सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि त्यांतही ग्रामांचे वाटे ठरलेले असत. सर्वांत मोठ्या अकार्नी ग्रामाचा वाटा बावीस होता. ग्रामसदस्यत्व वंशपरंपरेने चाले. आजोबांनी अकार्नी सोडून पिरीअस बंदरात बिऱ्हाड केले असले तरी नातू अकार्नीचाच. अठराव्या वर्षी मुलाचे नाव यादीत घालताना ग्रामबंधू शपथेवर मत देत : वय पुरेसे आहे काय, आणि तो स्वतंत्र व विधिपूर्वक जन्मलेला आहे काय. तो स्वतंत्र नाही असा निर्णय झाल्यास त्याला न्यायालयात जाता येई. तेथे हार झाल्यास राज्य त्याला गुलाम म्हणून विकी.

विधिपूर्वक जन्म म्हणजे काय, याची व्याख्या मध्यंतरी बदलली होती. इ. स. पू. ४५१–४५० मध्ये पेरिक्लीझच्या सूचनेवरून माता आणि पिता दोघेही नागरिक-कुळातील असले पाहिजेत असा कायदा झाला. क्लीस्थेनीझची माता ॲगरिस्टी ही सिसिऑनच्या सत्ताधीशाची कन्या होती. म्हणजे या कायद्याच्या कसोटीवर खुद्द क्लीस्थेनीझ नागरिक ठरला नसता. पेरिक्लीझलाही तो भोवला : साथीत दोन औरस पुत्र गेल्यावर ॲस्पेशियापासून झालेल्या मुलाला नागरिक करून घेण्यासाठी त्याला जनतेपुढे पदर पसरावा लागला. इ. स. पू. ४४५–४४४ मध्ये इजिप्तमधून धान्याची भेट आली, तेव्हा वाटपाच्या वेळी हजारो नावे संशयित ठरली. प्राचीन लेखकांनी दिलेले आकडे परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि त्यांवर फार भार टाकणे धोक्याचे आहे. मात्र वाटा देण्याची वेळ आली की यादी आखडती घेण्याची बुद्धी होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

इ. स. पू. ३४६–३४५ मध्ये सर्व ग्रामांना आपापल्या याद्या तपासण्याचा हुकूम झाला. या छाननीत हॅलिमूस ग्रामातून काढून टाकलेल्या यूक्सिथिऑस नावाच्या मनुष्याचे न्यायालयातील भाषण डिमॉस्थिनीझच्या भाषणसंग्रहात जतन झाले आहे. अथेन्सच्या समाजाविषयी ते जितके सांगते तितके अनेक संविधानात्मक ग्रंथही सांगत नाहीत. हॅलिमूस नगरापासून पस्तीस स्टेडिअम, म्हणजे सुमारे सहा किलोमीटर अंतरावर. सभा मात्र नगरात भरली. त्र्याहत्तर जणांनी शपथ घेतली. मंडळाचा सदस्य यूब्यूलिडीझ याच्या हाती यादी होती. त्याने दिवसभर भाषणे केली, आणि अंधार पडून बहुतेक लोक घरोघर निघून गेल्यावर यूक्सिथिऑसचे नाव पुकारले. उरलेले मतदार तिसांहून अधिक नव्हते. पात्रातून निघालेली मते साठांहून अधिक होती, असे तो म्हणतो. अर्थात हे एका पक्षाचे म्हणणे आहे. परंतु त्यापूर्वी यूब्यूलिडीझचाच बाप ग्रामप्रमुख असताना ग्रामाची नोंदवही गहाळ झाली होती, आणि स्वतः यूक्सिथिऑसने ग्रामप्रमुख या नात्याने देवस्थानच्या जमिनींचे थकलेले खंड वसूल करून अनेकांचे वैर ओढवून घेतले होते, हे तपशील पाहता सूडाचा आरोप अगदीच निराधार वाटत नाही. शपथेवर चालणारी ही व्यवस्था शेजाऱ्यांच्या स्मरणावर उभी होती, आणि शेजाऱ्यांचे वैर त्याच स्मरणात वास करीत होते.

त्याच्यावरील आक्षेप दोन होते. पहिला असा की, त्याचा पिता थूक्रिटॉस परदेशी धाटणीने बोलत असे. यूक्सिथिऑस हे नाकारीत नाही. डिसेलियन युद्धात शत्रूने पित्याला पकडले, ल्यूकस बेटावर विकले आणि बऱ्याच काळानंतर तो सुटून स्वजनांत आला; तेथे त्याची वाणी बिघडली. परत आल्यावर चुलत्यांनी त्याला मालमत्तेतील वाटा दिला, चिठ्ठीने मिळालेली अधिकारपदे त्याने भूषविली. हा परका असता तर आपल्या संपत्तीचा हिस्सा त्याला कोणी दिला असता? ग्रामनामाने जे झाकले होते ते उच्चाराने उघडे केले, असे विरोधकांना वाटत होते. यूक्सिथिऑसचे उत्तर असे की, उच्चार मनुष्य कोठे राहिला ते सांगतो, कोणाचा आहे ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप मातेसंबंधी. ती बाजारात फिती विकी आणि एके काळी तिने दुसऱ्याच्या मुलाला दूध पाजण्याची चाकरी केली होती. म्हणून ती नागरिक-कुळातील नसावी. याला उत्तर देणे अधिक कठीण होते, कारण स्त्रियांची नावे ग्रामाच्या यादीत नसतच. स्त्री अमुकाची मुलगी, तमुकाची पत्नी. ग्रामनाम असे ते पित्याचे किंवा पतीचे. कायद्याला माता नागरिक-कुळातील हवी होती, पण ती तशी आहे हे दाखविणारा कागद राज्याने कधीच केला नव्हता. तेव्हा यूक्सिथिऑस आप्त, बंधुसंघाचे सदस्य आणि ग्रामबंधू यांच्या साक्षींची रास रचतो. बाजारात काम केल्याबद्दल कोणाही नागरिकाला हिणविणे हा कायद्याने गुन्हा आहे, याचीही तो आठवण देतो. दारिद्र्य हीन कामे करावयास लावते, असे तो मुक्तकंठाने सांगतो.

भाषणाच्या अखेरीस तो आर्कनपदाच्या उमेदवाराला विचारले जाणारे ठरीव प्रश्न स्वतःलाच विचारतो. तुझा पिता कोण? थूक्रिटॉस. तुझी माता कोण? मेलिटी ग्रामाच्या डामोस्ट्राटॉसची कन्या निकारेटी. कुलीन स्त्रीचे नाव भर न्यायालयात उच्चारणे वक्ते टाळीत असत. येथे पुत्राला ते उच्चारावे लागते, आणि तेही आपला बचाव राज्याच्याच प्रश्नोत्तरांच्या साच्यात बसावा म्हणून. मग तो न्यायाधीशांना सांगतो की, निर्णय विरुद्ध गेल्यास आपण आप्तांना सोडून देशांतराला जाणार नाही. त्यापेक्षा आत्मघात करू, म्हणजे निदान त्यांच्या हातून मायभूमीत मूठमाती तरी मिळेल.