शब्दांत दडलेलें साल

वर पाणी, खालीं पाणी आणि मधें बसलेला माणूस कोरडा, हें कोडें नळदुर्गच्या पोरांना घालण्यांत अर्थ नाहीं. त्याचें उत्तर त्यांच्याच गांवच्या किल्ल्यांत चुन्यादगडानें बांधून ठेविलें आहे. बोरी नदीच्या पात्रांत नळदुर्गचा मुख्य किल्ला व समोरचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा आहे. त्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत नदी भरून बंधाऱ्यावरून कोसळूं लागली म्हणजे महालाच्या खिडकीपुढें पाण्याचा पडदा उभा राहतो आणि महाल आंतून कोरडा राहतो. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ म्हणजे हिजरी १०२२ या सालीं, मीर इमादीन याच्या देखरेखीखालीं हें काम झालें.

गांवाचें नांवही एक कोडेंच आहे. लोकसमजूत तें दमयंतीच्या नळराजाशीं जोडते. पाण्याचें हें बांधकाम पाहिलेल्या माणसाला मात्र दुसरा नळ आठवतो. आजच्या शब्दकोड्यांत “दमयंतीचा पति घरोघर पाणी भरतो, अक्षरें दोन” असें सूत्र घातलें, तर उत्तर एकच येईल. आपल्या साहित्यशास्त्रानें यालाच श्लेष म्हटलें आहे.

आडव्याउभ्या चौकटींचें शब्दकोडें वयानें फार लहान आहे. आर्थर विन या पत्रकारानें तें न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत २१ डिसेंबर १९१३ रोजीं प्रथम छापलें. पुढें इंग्लंडांत त्याला कूटाचें वळण लागलें. तेथील कूटसूत्राचे दोन भाग असतात: एका भागांत उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्यांत त्याच उत्तराकडे नेणारी अक्षरांची किंवा अर्थांची करामत. दोन्ही वाटा एकाच शब्दाशीं मिळाल्या म्हणजेच उत्तर खरें. ही करामत केवळ करमणुकीची राहिली नाहीं. जानेवारी १९४२ मध्यें लंडनच्या एका दैनिकानें बारा मिनिटांच्या आंत कोडें सोडविण्याची परीक्षा घेतली, आणि त्यांत उतरलेल्या कांहीं जणांना शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर बोलावणें आलें. परंतु शब्दांत अर्थ दडविण्याची व तो तपासून काढण्याची विद्या दक्षिणेंत त्याच्या किती तरी आधीं नांदत होती.

पाणीमहाल ज्याच्या राज्यांत उभा राहिला त्या इब्राहीमशहालाच या खेळाचें वेड होतें. त्याच्या गीतसंग्रहाचें नांव ‘किताबे नवरस’. विजापुराजवळ त्यानें १५९९ सालीं वसविलेल्या नगराचें नांव नवरसपूर. संस्कृत जाणणाऱ्यानें ऐकावें तर शृंगारादि नऊ रस. फारसी जाणणाऱ्यानें ऐकावें तर ‘नव-रस’ म्हणजे नुकतेंच आलेलें, ताजें. दोन भाषांच्या सीमेवर उभा राहिलेला असा शब्द ज्या दरबाराला भावला, त्या दरबारांत दोन्ही भाषांचे जाणकार शेजारीं शेजारीं बसत असले पाहिजेत.

या विद्येचा सर्वांत व्यवहारी उपयोग म्हणजे साल सांगणें. संस्कृत पंडितांनीं आंकड्यांच्या जागीं शब्द घातले. चंद्र एक, नेत्र दोन, अग्नि तीन, वेद चार, बाण पांच, रस सहा, याप्रमाणें. हे शब्द उजवीकडून डावीकडे, म्हणजे एकं स्थानापासून वाचावयाचे. भास्कराचार्यांनीं आपलें जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण आणि मही अशा चार शब्दांत सांगितलें. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उलट वाचतां शके १०३६. आंकडा लिहितांना लेखनिकाचा हात चुकला तर कोणाच्या लक्षांत येत नाहीं. शब्द चुकला तर वृत्त लंगडतें आणि चूक ऐकूं येते. हें त्या कूटांतील शहाणपण.

फारसी लेखकांची रीत निराळी. त्यांच्या लिपींतील प्रत्येक अक्षराला किंमत आहे: अलिफ एक, बे दोन, मीम चाळीस, याप्रमाणें थेट हजारापर्यंत. एखादें अर्थपूर्ण वाक्य असें जुळवावयाचें कीं त्यांतील अक्षरांची बेरीज बरोबर त्या घटनेच्या हिजरी सालाइतकी व्हावी. उदाहरणार्थ ‘महल’ हा शब्द घ्यावा. मीम ४०, हे ८, लाम ३०, बेरीज ७८. पण या ‘हे’च्या आकारावर एक टिंब दिलें कीं तो ‘खे’ होतो आणि त्याची किंमत ६००. टिंब पोटांत दिलें कीं ‘जीम’, किंमत ३. म्हणजे शिळेवरचें एक टिंब झिजलें, किंवा चुन्याचा एक शिंतोडा भलत्या जागीं बसला, तर बेरजेंत ५९२ वर्षांचा फरक पडूं शकतो! शिवाय खुद्द रचणाराही कधीं सवलत घेतो. हुमायून बादशहा इ. स. १५५६ मध्यें जिन्यावरून पडून वारला. ‘बादशहा गच्चीवरून पडला’ अशा अर्थाचें त्याच्या मृत्यूचें जें प्रसिद्ध सालवाक्य आहे त्याची बेरीज ९६२ येते. खरें साल ९६३. अर्थ इतका चपखल बसला कीं एका वर्षाची उणीव कवीनें पत्करली. म्हणून बेरीज जमली एवढ्यावर उलगडा संपत नाहीं. दुसऱ्या वाटेनें पडताळा पाहावाच लागतो.

महाराष्ट्राच्या इतिहासाला मात्र याहूनही जवळचें कूट आहे, तें मोडी कागदांवरील शुहूर सनाचें. हा सन सूर्य मृग नक्षत्रीं गेला म्हणजे बदलतो; म्हणून त्याला मृगसाल असेंही म्हणत. तो आंकड्यांत न लिहितां अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि येथेंही एकं आधीं, हजार शेवटीं. इहिदे एक, इसन्ने दोन, सल्लास तीन, अर्बा चार. अशर दहा, सितैन साठ, सबैन सत्तर. मया शंभर, अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. ११६१ मध्यें ६०० मिळवितां १७६१. हेंच पानिपतचें साल.

आतां त्या ‘सितैन’च्या जागीं नकलकारानें ‘सबैन’ वाचलें तर काय होईल? पानिपतच्या धामधुमीचें पत्र एकदम दहा वर्षें पुढें जाईल आणि मेलेलीं माणसें त्यांत हुकूम सोडूं लागतील. येथें शब्दकोड्यांतील आडव्याउभ्या ओळींसारखी दुसरी खूण उपयोगीं पडते. कागदावर ‘छ’ या अक्षरापुढें मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख असते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान, त्यामुळें त्याचे महिने ऋतूंतून मागें मागें सरकत जातात. जमादिलाखर हा महिना १७६१ सालीं ऐन थंडींत, जानेवारींत होता. शुहूर ११७१ मध्यें तोच महिना सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस आला. तेव्हां पत्रांत जमादिलाखर असेल आणि मजकुरांत कडाक्याची थंडी असेल, तर ‘सबैन’ हें वाचन टिकत नाहीं. पुष्कळ पत्रांवर तर तारीख असते, पण सालच नसतें. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड पानिपतपर्यंतच्या पत्रांचा काढला, तेव्हां अशीं कित्येक पत्रें अंतर्गत पुराव्यावरून सालवार लावावीं लागलीं. मोडक आणि खरे यांच्या जंत्र्यांनीं ही वाट पुष्कळ सुकर केली.

हा केवळ विद्वानांचा विरंगुळा नव्हे. एखाद्या घराण्याची पाटिलकी, एखाद्या देवस्थानचें इनाम, दोन भाऊबंदांतील वतनाचा तंटा यांचा निकाल कागदाच्या एका ओळीवर लागत असे. सनदेवरील साल आणि सनद देणाऱ्याची कारकीर्द यांचा मेळ बसला नाहीं, तर खोटा कागद उघडा पडे. पण तोच मेळ अडाण्यानें चुकीचा लाविला, तर खऱ्या वतनदाराच्या तोंडचा घांस जाई. कूट न सोडवितां येणें एक वेळ परवडतें. चुकीचें सोडवून त्यावर विश्वास ठेवणें परवडत नाहीं.

आतां पुनः पाणीमहालाकडे वळावें. इ. स. १६१३ च्या पावसाळ्यांतील, बोरीला पूर आलेला एक दिवस मनांत आणावा. विजापूरच्या मुनशीच्या लेखीं तें हिजरी १०२२. कुळकर्ण्याच्या दप्तरांत शुहूर १०१४, म्हणजे ‘अर्बा अशर अलफ’. गांवच्या जोशीबुवांच्या पंचांगांत शके १५३५, प्रमादी नाम संवत्सर. आणि एखाद्या पंडिताला तेंच श्लोकांत गोंवावयाचें झालें असतें तर बाण, अग्नि, इंद्रिय आणि चंद्र. लिपी तीन, भाषा चार, मोजण्याच्या रीती निरनिराळ्या. पण बंधाऱ्यावरून पडणारें पाणी एकच आणि दिवसही एकच.

नळदुर्गला जाणाऱ्यानें पुराच्या दिवसांत त्या खिडकीशीं घटकाभर उभें राहावें. पाण्याच्या पडद्यापलीकडचें कांहीं स्पष्ट दिसत नाहीं. पण पलीकडे रान आहे, आकाश आहे, वाट आहे हें ठाऊक असतें. जुना कागद वाचणाराही असाच एका पडद्याशीं उभा असतो. घाई न करतां, दोन वाटांनीं पडताळून पाहिलें, तर पलीकडचें माणूस हळूहळू दिसूं लागतें.