जिवंतपणीची प्रेतयात्रा

देवाधर्माचे भय सुटले की माणसाच्या वागण्याला धरबंध उरत नाही, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात या समजाची एक परीक्षा झाली. आणि गंमत अशी की, तिच्यात नापास झाले ते परीक्षकच!

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. गरिबीशी झगडत ते एम. ए. झाले आणि मोठ्या पगाराची नोकरी न पत्करता न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. ईश्वराविषयी ते अज्ञेयवादी होते. आचाराचा निवाडा त्यांनी श्रुतिस्मृतींकडून काढून बुद्धीकडे दिला. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे यांवर आसूड ओढले.

याला उत्तर युक्तिवादाने देता आले असते. काहींनी ते दिलेही. परंतु काही धर्माभिमान्यांनी आगरकर हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यातून काढली! शेजारी दुखणाईत असला तर त्याच्या दारावरून जाताना आवाज खाली आणावा, एवढी रीत अक्षरशत्रूलाही ठाऊक असते. इथे तर दम्याने पिडलेल्या एका गृहस्थाच्या मरणाचा तमाशा मांडला होता, आणि तोही धर्मरक्षणाच्या नावाने.

याच सुमारास विलायतेत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्थहॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. पण नास्तिकाच्या शब्दावर विसंबायचे कसे, या वादात त्यांना निर्वेधपणे जागा मिळाली ती १८८६ साली. ईश्वराची शपथ न घेता नुसती प्रतिज्ञा करण्याची मुभा देणारा १८८८ चा कायदा त्यांच्याच खटपटीचे फळ. हेच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेसला आले, तेव्हा आपल्या लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. परका नास्तिक चालला; घरचा मात्र चालेना!

आगरकरांची लेखणी तिखट होती, पण तिचा रोख रूढींवर असे. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या श्रद्धेवर आगरकरांनी आपली मते लादली नाहीत. ज्याने देव मानला नाही, त्याने घरातल्या देव्हाऱ्याचा मान राखला. याला धर्म म्हणा वा न म्हणा. दुसऱ्याचे मन जपणे एवढाच त्याचा अर्थ. धर्मनिष्ठांमध्येही अशी माणसे थोडी नव्हती, हेही खरे. आगरकर गेल्यावर त्यांच्याशी कडाक्याने भांडलेल्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

१८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, वारले. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी एका पुडीत बांधून ठेवले होते, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. आपल्यामागे घरच्यांना कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढाच त्यात हेतू. त्यांची खोटी प्रेतयात्रा लोकांनी हौसेने काढली होती. खरीचा भार मात्र त्यांनी कोणावर पडू दिला नाही. परलोकाची ग्वाही ज्यांना कधी देता आली नाही, त्यांनी इहलोकीचे देणे असे चुकते केले.