वय आणि साथरोगातील मृत्युजोखीम : जुन्नर व आंबेगाव

संसर्गजन्य रोगाची लागण झालेली व्यक्ती त्या रोगाने दगावण्याची शक्यता म्हणजे मृत्युजोखीम. ती मोजताना दोन प्रमाणे वेगळी ठेवावी लागतात : निदान झालेल्या रुग्णांपैकी किती दगावले, हे रुग्णमृत्युदर सांगतो, तर लक्षणे नसलेले व तपासणी न झालेले धरून लागण झालेल्या सर्वांपैकी किती दगावले, हे संसर्गमृत्युदर सांगतो. तपासण्या कमी झाल्या की पहिला दर फुगतो.

बहुतेक रोगांत ही जोखीम जन्मानंतरच्या काही महिन्यांत जास्त असते, शालेय वयात सर्वांत कमी होते आणि म्हातारपणी पुन्हा चढते. तान्ह्या बाळाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना निष्प्रभ करणारी प्रथिने, ओसरत जातात आणि त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. उतारवयात नव्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी घटतात आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांची भर पडते. कोविड-१९ मध्ये मात्र बाळांकडचा चढ फारसा दिसला नाही आणि वृद्धांकडचा अतिशय तीव्र निघाला. मुख्यतः श्रीमंत देशांतील अभ्यासांवरून काढलेला संसर्गमृत्युदर पंचविशीत सुमारे ०.०१ टक्का, पंचावन्नाव्या वर्षी ०.४ टक्का, तर पंचाहत्तराव्या वर्षी ४.६ टक्के होता. म्हणजे एकाच घरात पंचाहत्तरीचे आजोबा आणि पंचविशीचा नातू दोघांना लागण झाली, तर आजोबांची जोखीम नातवाच्या चारशे पटींहून अधिक.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत २०११ च्या जनगणनेनुसार अनुक्रमे सुमारे ४ लाख आणि २.३५ लाख लोक राहत होते. येथील तरुण कामासाठी मुंबई-पुण्याकडे जातात, मुंबईच्या डबेवाल्यांपैकी कित्येक जण याच पट्ट्यातले आहेत, आणि गावी पुष्कळदा म्हातारी माणसेच मागे राहतात. २०२० च्या टाळेबंदीत ‘मुंबईकर’ मंडळी गावी परतली, तेव्हा कमी जोखमीचे आणि जास्त जोखमीचे वयोगट पुन्हा एका छपराखाली आले. म्हणून तालुक्याचा सरासरी मृत्युदर वयोरचना पाहिल्याशिवाय शहराच्या दराशी ताडून पाहणे दिशाभूल करणारे ठरते. लागण झालेल्यांत वृद्धांचा वाटा मोठा असला, की उपचारांत कसलीही कसूर नसतानाही सरासरी चढते. अर्थात उपचारापर्यंतचे अंतरही जीवावर बेतते : भीमाशंकरच्या डोंगररांगेतील आहुपेसारख्या आदिवासी गावाहून घोडेगाव किंवा मंचरचे रुग्णालय गाठेपर्यंत दम लागलेल्या वृद्धाचा मोलाचा वेळ खर्ची पडतो.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात राबवलेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका व अन्य कर्मचारी घरोघर जाऊन ताप आणि बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू मोजत, जुने आजार विचारीत. लसीकरणाचा क्रमही वयावर बेतला गेला : १ मार्च २०२१ पासून साठीपुढील व जुने आजार असलेले पंचेचाळिशीपुढील, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढील सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांवरील.

वयाचा हा आलेख प्रत्येक साथीत सारखा नसतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी घेतले, असा अंदाज आहे. त्यात २० ते ४० या कर्त्या वयाची माणसे, आणि त्यांतही स्त्रिया, अधिक दगावल्या. तरुण शरीराची अतितीव्र प्रतिक्रिया आणि वृद्धांना पूर्वीच्या एखाद्या साथीतून मिळालेले अंशतः संरक्षण, ही त्याची संभाव्य कारणे मानतात; त्याच वर्षी पाऊस ओढ देऊन गेल्याने उपासमारही होती.

ग्रामीण भागात या साऱ्या हिशेबाचा पायाच, म्हणजे वय, डळमळीत असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘१ जून’ ही जन्मतारीख लिहिलेली माणसे महाराष्ट्रात गावोगावी आहेत, आणि शाळेत न गेलेल्या वृद्धांचे वय कागदोपत्री साठ, पासष्ट, सत्तर अशा ठोकळ आकड्यांवर थांबते. त्यामुळे तुलना करताना एकेका वर्षाऐवजी पाच किंवा दहा वर्षांचे गट घेतात आणि शेवटचा गट ‘८० व त्यापुढील’ असा मोकळा ठेवतात.