प्रोबिंग (सर्किट बोर्ड मिलिंगमधील)

प्रोबिंग : सीएनसी यंत्रावर सर्किट बोर्ड खोदण्यापूर्वी कटरच्याच टोकाने तांब्याला ठिकठिकाणी स्पर्श करून पृष्ठभागाची उंची मोजण्याची क्रिया. या मोजमापांवरून उंचीचा नकाशा तयार होतो आणि खोदण्याची खोली त्यानुसार जागोजागी सुधारली जाते.

गरज : नेहमीच्या बोर्डावरचे तांबे अवघे ०.०३५ मिमी. जाड असते. पृष्ठभागावर घटक बसवायच्या (एसएमडी) तयार बोर्डांसाठीच्या आयपीसी मानकात ०.७५ टक्का बाक चालतो, म्हणजे १०० मिमी. लांबीवर ०.७५ मिमी.; तांब्याच्या जाडीच्या वीस पटींहून अधिक. शिवाय व्ही-आकाराचा कटर जितका खोल जातो तितकी चर रुंदावते. ६० अंशांच्या आणि ०.१ मिमी. टोकाच्या कटरने ०.१ मिमी. खोलीला सुमारे ०.२२ मिमी. रुंद चर पडते. खोली दुप्पट झाली की ती ०.३३ मिमी. होते. त्यामुळे वाकलेल्या बोर्डाच्या एका कोपऱ्यात तांबे सुटतच नाही, तर दुसऱ्या कोपऱ्यात बारीक ट्रॅक खाल्ले जातात.

स्पर्शाचे सर्किट व त्यातील दोष : प्रोबिंगच्या अनेक तक्रारींचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नसून दोन वायरींच्या या साध्या सर्किटात असते. जीआरबीएल या मुक्त नियंत्रण-प्रणालीत आर्डुइनो उनोची ए-५ ही पिन तांब्याला जोडतात आणि कटर ग्राउंडला. पिन आतल्या पुल-अप रोधामुळे ५ व्होल्टवर राहते. कटर टेकला की ती शून्यावर येते. हा रोध २० ते ५० किलोओहमचा असल्याने सर्किटातून पाव मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जात नाही. इतक्या दुबळ्या प्रवाहाला मळकट सांधासुद्धा अडवू शकतो, आणि शेजारून गेलेल्या स्पिंडल किंवा स्टेपर मोटरच्या वायरीतला विद्युत गोंगाट खोटा स्पर्श दाखवू शकतो. प्रोबची वायर वेगळ्या वाटेने नेणे, ग्राउंडच्या वायरीशी तिला पीळ देणे, बाहेरून काही किलोओहमचा पुल-अप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि उपयोगी पडतात.

ग्राउंडच्या वायरीची मगरी क्लिप स्पिंडलच्या बाहेरच्या अंगाला लावणे ही नेहमी आढळणारी चूक. बेअरिंगमधल्या ग्रीसच्या थरामुळे दांडा आणि अंग यांच्यात विद्युतसंबंध कधी असतो, कधी नसतो. म्हणून क्लिप थेट कटरच्या दांड्यालाच लावावी. मोटर सुरू करण्यापूर्वी ती काढायची आठवण यंत्राजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.

जीआरबीएल ‘अलार्म ५’ देते तेव्हा ठरलेल्या अंतरात स्पर्श झालेला नसतो : क्लिप निसटलेली, तांब्यावर गंज किंवा बोटांचे तेल, किंवा मोजणीच्या बिंदूंच्या जाळीतला एखादा बिंदू बोर्डाच्या कडेबाहेर गेलेला. ‘अलार्म ४’ म्हणजे हालचाल सुरू होण्याआधीच पिन स्पर्श झाल्याचे सांगत आहे. अशा वेळी क्रमांक ६ चे सेटिंग उलटे आहे का, किंवा दुतर्फी बोर्डाचे खालचे तांबे धातूच्या पलंगामार्फत ग्राउंडला टेकले आहे का, ते पाहावे. दोन्ही प्रसंगी पहिली परीक्षा एकच. यंत्र स्थिर असताना तांब्याला लावलेली वायर कटरला हाताने टेकवावी; स्थितिदर्शक ओळीत ‘पी’ हे अक्षर टेकताच उमटावे आणि सोडताच जावे. हे पाहिल्याविना जी-३८.२ हा आदेश देऊ नये. नाहीतर कटर तांब्यात घुसून टोक मोडू शकते.

अर्धवट खोदलेल्या बोर्डावर पुन्हा प्रोबिंग केल्यास वेगळाच धोका असतो. चरीने सुटे झालेले तांब्याचे बेट वायरपासून तुटलेले असते, त्यामुळे तिथे कटर टेकला तरी यंत्राला कळत नाही. म्हणून नकाशा खोदण्याआधीच घ्यावा. मधे कटर बदलल्यास नकाशा टिकतो, मात्र शून्य पुन्हा घ्यावे लागते, तेही न तुटलेल्या तांब्यावर.

यांत्रिक दोष : नीट न चिकटवलेला बोर्ड टोकाखाली दबतो आणि उंची कमी नोंदली जाते. एकाच बिंदूवर पुनःपुन्हा प्रोबिंग करून वाचने जुळतात का ते पाहावे. ती भरकटत असतील तर पूर्ण नकाशा घेणे व्यर्थ.

जाळीतील अंतर : एकमत नाही.

सॉफ्टवेअर : बीसीएनसी, ओपनसीएनसीपायलट, ऑटोलेव्हलर. मॅक-३ मध्ये प्रोबिंगसाठी जी-३१ हा आदेश वापरतात.

महाराष्ट्रातील परंपरा : डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या पाबळ (ता. शिरूर, जि. पुणे) येथील विज्ञान आश्रमात एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. फॅब लॅबच्या प्रचलित पद्धतीत छोट्या मिलिंग यंत्रावर विद्युत प्रोबिंग नसते : कोलेटचा स्क्रू सैल करून कटर अलगद तांब्यावर टेकू देतात आणि मग स्क्रू घट्ट करतात. या पद्धतीत शून्य एकाच बिंदूचे मिळते, म्हणून बोर्डाखालचा थर सपाट असण्यावर सगळी भिस्त असते. ग्रामीण कार्यशाळेत थर सपाट करण्याचे कौशल्य आधी यावे. सपाट तळ असला तर नकाशालाही कमी दुरुस्ती करावी लागते.

बुलढाणा जिल्हा : घाटावर काय किंवा घाटाखाली काय, पावसाळ्यातल्या दमट हवेत उघडे ठेवलेले तांबे काळवंडते आणि कागदी पायाचे एफआर-१ बोर्ड ओल धरून वाकतात. बोर्ड बंद पिशवीत, सपाट वजनाखाली ठेवावेत आणि प्रोबिंगपूर्वी तांबे बारीक स्टीलवूलने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.